उठवणाऱ्या खुर्च्या

खुर्ची बसण्यासाठी असते, हे कुणाला समजावून सांगावं लागेल असं गादीवाल्या बाईंना उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. पण शहरात नवी नवी झकपक रेस्टॉरंटं उघडायला लागली आणि तीही वेळ आली. समजावून काही उपयोग झाला नाही, हा भाग वेगळा.

बाईंचं दुकान एका बोळात होतं. एका बाजूला सुतार, दुसऱ्या बाजूला कुलपं दुरुस्त करणारा, आणि मध्ये हे. भिंतीला टेकवलेल्या फोमच्या लाद्या, हुकांना लटकणारे स्प्रिंगांचे घोस, काथ्याची पोती, आणि मधोमध पालथा पडलेला कुणाचा तरी सोफा. दुकान बाईंच्या वडिलांनी थाटलेलं. त्यांच्या हाताखाली बाई लहानपणीच कामाला लागल्या, तिथेच मोठ्या झाल्या आणि तिथेच त्यांचे केस पिकले. लग्नाचं जमता जमता राहून गेलं. "मुलगा बसला तशी खुर्ची करकरली, मी मुलगा सोडून खुर्चीच बघायला लागले," असं एका स्थळाबद्दल त्या सांगत, आणि यात खोटं फारसं नसावं.

कोचाचं कापड ठोकताना खिळे तोंडात धरायचे आणि जिभेने एकेक पुढे सारून हातोडीला द्यायचे, ही त्यांची पद्धत. त्यामुळे काम चालू असेपर्यंत बाई मुक्या. काम संपलं की साठलेलं बोलणं एकदम बाहेर पडे, आणि त्यात बहुतेक कुणाचा तरी उद्धार असे. मापात मारणारा फोमचा व्यापारी, घाईची गिऱ्हाइकं, चांगला सोफा उकिरड्यावर टाकून नवा आणणारी मंडळी. कुलूपवाला तर बाईंनी शेवटचा खिळा ठोकायच्या आत दुकान बंद करून घरची वाट धरी.

वडिलांचा एक नेम होता, तो बाईंनी पाळला होता. नवी खुर्ची दुकानाबाहेर जायच्या आधी, ज्याने ती केली त्याने तिच्यावर बसून एक कप चहा प्यायचा. सावकाश. चहा संपेपर्यंत आपण कशावर बसलोय हे आठवलंसुद्धा नाही, तर खुर्ची पास. एकदा जरी बूड हललं, तरी खिळे उपटायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. माणूस बसला की खुर्ची विसरला पाहिजे, असं वडील म्हणत. हे एकच वाक्य त्यांनी दुकानाबरोबर वारसा म्हणून दिलं होतं.

अशा दुकानात एक दिवस एका नव्या रेस्टॉरंटचा मालक आला. तरुण, पायात बूट पण मोजे नाहीत, आणि बोलताना नजर फोनवर. त्याला हिरव्या मखमलीच्या खुर्च्या हव्या होत्या. दिसायला गुबगुबीत, फोटोत राजेशाही. बाईंनी मखमल दाखवली, पितळी फुल्यांचे खिळे दाखवले, आत काथ्या घालू की स्प्रिंग असं विचारलं. तेव्हा त्याने फोन खिशात ठेवला आणि मुद्द्यावर आला. आत असं काहीतरी घाला, म्हणाला, की माणूस तासाभराने आपण होऊन उठेल.

बाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मालकाने समजूत घातली. "लोक बसून राहतात, हीच आमची अडचण आहे, बाई. जेवण होतं, आणि मग गप्पा. बाहेर रांग लागलेली असते. वेटरने उठा म्हटलं तर बोभाटा होतो. खुर्चीने म्हटलं तर कुणाला कळत नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी त्याला सांगितलं, पलीकडच्या रस्त्यावर पाथरवट बसतो, त्याच्याकडून दगड घडवून घे, वर मखमल मी फुकट चढवून देते. जेवलेल्या माणसाला उठवायचं म्हणजे काय? घरी आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा कुणी घास तोंडात असताना ऊठ म्हणत नाही. मालक हसला, आपलं कार्ड टेबलावर ठेवून गेला.

पण रागावर दुकान चालत नाही. सोफे दुरुस्त करून घेणारी माणसं कमी होत चालली होती, आणि बोळात नुसतं बसून दिवस काढणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. तू नाही केलंस तर दुसरा करील, असं सुतारही म्हणाला. हे वाक्य जगातलं निम्मं वाईट काम करून घेतं, हे बाईंना ठाऊक होतं. तरी अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणत त्यांनी काम घेतलं.

घेतल्यावर मात्र ते वाईट करायचं कसं, हे त्यांना जमेना. त्यांनी जीव ओतला. पुढची कड मऊसूत केली, म्हणजे बसताना माणूस सुखावेल. मधल्या भागात फोमचा पापुद्रा ठेवून खाली फळी. पाठ अशी, की खांद्याखालच्या हाडाला हळूहळू टोचत राहील. आणि सुताराकडून पुढचे पाय बोटभर तासून घेतले, म्हणजे माणूस सतत किंचित पुढे घसरत राहणार आणि आपण का दमलो, हे त्याला समजणार नाही. नेमाप्रमाणे बाई पहिल्या खुर्चीवर चहा घेऊन बसल्या. कप अर्धा व्हायच्या आत उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. मालकाने मात्र टाळी वाजवली.

मग काय, नाव झालं. एकाचं पाहून दुसरा आला, दुसऱ्याचं पाहून तिसरा. दारात ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी त्याच पहिल्या मालकाने एक लांब सोफाही करून घेतला, आणि तो मात्र लोण्यासारखा मऊ हवा होता, कारण थांबलेला माणूस कंटाळून परत जाता कामा नये. म्हणजे पैसे देऊन जेवणाऱ्याला फळी आणि फुकट वाट बघणाऱ्याला गादी. बाईंनी त्या दिवशी सुताराला इतकं सुनावलं, की तो बिचारा रंधा हातात धरून मुकाट उभा राहिला. त्याचा काय दोष होता कुणास ठाऊक.

हा माल बाईंनी कधी जागेवर पाहिला नाही. टेम्पो मागच्या दाराशी लागे, मागच्या दारातून खुर्च्या आत जात, बाई तिथूनच परत फिरत. कुठल्या रेस्टॉरंटचं नाव काय, हेही त्यांना माहीत नसे. हिरव्या मखमलीवाला, तपकिरी चामड्यावाला, असंच चाले.

आता बाईंच्या मनातल्या दुसऱ्या सलाविषयी सांगितलं पाहिजे. त्यांना एक मोठा भाऊ होता. दादा हुशार, तो शिकून दुसऱ्या शहरात कचेरीत लागला. वडील थकले तेव्हा दुकान विकून त्यांना आपल्याकडे न्यावं असं त्याचं मत होतं. दुकान विकायला बाई तयार नव्हत्या, पण वडिलांनी आता काम थांबवावं असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, तर म्हाताऱ्याने शेजारच्या कुलूपवाल्याकडून ते उघडवून घेतलं. बाईंनी दादाला फोनवर फोन केले. ये, तुझं ऐकतील. दादा दर वेळी पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. एके दिवशी वडील पालथ्या कोचावर डोकं टेकून गेले, हातात दाभण तसंच.

सगळं आटोपल्यावर दादा आला आणि भरल्या घरात, नातेवाईक, शेजारी, सगळ्यांसमोर म्हणाला, "हिच्या हट्टापायी म्हातारा कामावर मेला."

बाईंच्या तोंडात तेव्हा खिळे नव्हते, तरी त्यांना एक शब्द बोलता आला नाही. पुढे वर्षांमागून वर्षं गेली. सणसमारंभाचे निरोप भाच्यामार्फत येत, भाच्यामार्फत जात. बहीणभाऊ समोरासमोर आले नाहीत. बाईंनी जगातल्या प्रत्येकाचा उद्धार केला असेल, पण त्या वाक्याविषयी त्या कुणाकडे बोलल्या नाहीत. तो शब्द त्याने मागे घ्यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि एक दिवस भाच्याचा फोन आला. त्याला परदेशात नोकरी लागली होती, तो वडिलांना कायमचं बरोबर नेणार होता. विमान या शहरातून होतं. "आत्या, बाबांना तुझ्याशी काहीतरी बोलायचंय. आयुष्यभर मनात ठेवलंय म्हणतात. उद्या दुपारी जेवायला भेटू, मी मस्त जागा बघून ठेवली आहे." घरीच या, असं बाई म्हणाल्या, पण भाच्याने टेबल सांगून ठेवलं होतं, आणि म्हणे तिथे टेबल मिळणं हीच मोठी गोष्ट.

बाईंनी ठेवणीतली साडी नेसली, शाल घेतली आणि पत्ता विचारत पोचल्या. दारावरची पाटी इतक्या बारीक अक्षरांत होती की ती वाचता येऊ नये हाच हेतू असावा. आत भरदुपारी अंधार. छतातून वायरींना उघडे दिवे लोंबत होते, आणि एका भिंतीचा गिलावा मुद्दाम खरवडून विटा उघड्या ठेवलेल्या. दारापाशी मऊ सोफ्यावर चार माणसं सुखात बसली होती. बाईंची नजर सोफ्यावर गेली, मग आत गेली. हिरवी मखमल. पितळी फुल्यांचे खिळे. ओळीने.

त्यांनी कपाळावर हात मारला. दादा आणि भाचा आधीच येऊन बसले होते. दादा म्हातारा झाला होता, अंगाने सुटला होता, पाठीला पट्टा बांधलेला शर्टातून दिसत होता. आणि तो बाईंच्या खुर्चीवर बसला होता.

दुसरी जागा नाही का, असं बाईंनी वेटरला विचारलं. सगळीकडे हीच व्यवस्था आहे, म्हणाला. त्या दारातल्या सोफ्यावर बसून जेवलं तर चालेल का? वेटरने भाच्याकडे पाहिलं, भाच्याने हसून आत्या गमतीशीर आहे असं दाखवलं. खुर्च्या मी केल्या आहेत आणि त्या अशा आहेत, हे बाईंच्या ओठांवर आलं. पण सांगणार कुणाला, वडिलांच्या मुलाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या मूग गिळून बसल्या, आणि फळी त्यांना लगेच ओळखू आली.

त्यांच्या घरात एक जुनी रीत होती, वडिलांनी लावलेली. जेवताना दुखणं, देणं आणि भांडण काढायचं नाही. जे काय महत्त्वाचं असेल ते जेवण उरकल्यावर, ताटं उचलल्यावर. दादा जन्मभर त्या रीतीने वागत आला होता. म्हणजे तो बोलणार तर शेवटी, आणि बाईंच्या हिशेबाने तेवढा वेळ ती खुर्ची त्याला देणार नव्हती. असं झालं तर उद्या हा विमानात बसेल, आणि ते वाक्य आपल्यापाशीच राहील.

त्यामुळे बाईंना घाई, आणि जगात दुसऱ्या कुणालाच नाही. पदार्थांची यादी जाड लाकडी फळ्यांवर होती, प्रत्येकाला एक फळी. त्यात एका पदार्थात फोम आहे असं वाचून बाई चरकल्या. त्यांच्याकडे फोम गोणीतून यायचा. आला तो बशीत साबणासारखा फेस, आणि त्याखाली सुपारीएवढा माशाचा तुकडा. बशी परातीएवढी. भाचा प्रत्येक बशी आली की हात वर करून थांबवी, उभा राहून वरून फोटो काढी, मग बाजूने, मग सगळ्यांना किंचित मागे सरकायला लावून. एकेका फोटोत दादाची एकेक मांडी बदलून होई. "गिळ ना आता, काय त्याची पत्रिका काढतोस?" असं बाई शेवटी म्हणाल्या.

दादा हवापाण्याचं बोलत होता. विमानात पाय सुजतात का, तिकडे थंडी किती. गाण्यांचा दणका असा, की अर्धं ऐकायला येत नव्हतं. दादाने आधी डावीकडे भार दिला, मग उजवीकडे. मग दोन्ही हात टेबलावर रोवले. बाई नुसतं बघत होत्या. आता पाठ टोचायला लागली असेल. आता मांड्या भरून आल्या असतील. त्यांना प्रत्येक ठिकाण माहीत होतं, कारण प्रत्येक ठिकाणी त्यांचाच हात फिरला होता. आयुष्यात त्यांनी अनेकांना शिव्या घातल्या, पण त्या दुपारी स्वतःला घातल्या तशा कुणालाच नाही.

अखेर बशा उचलल्या गेल्या. भाचा बिल द्यायला उठला. दादाने पाण्याचा घोट घेतला, रुमालाने तोंड पुसलं आणि बाईंकडे पाहिलं. "चिमे," तो म्हणाला. या नावाने बाईंना हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. "चिमे, बाबा गेले तेव्हा मी जे..." आणि त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने कमरेला हात लावला. "जाऊ दे. पाठ फार धरली बघ. विमानतळावरून फोन करीन, तेव्हा बोलू."

तो उठायला लागला आणि नेमका तेव्हाच मालक तिथे उगवला. बाईंना पुढच्या दाराने आलेलं पाहून त्याला आनंद झाला होता, आणि तो खरा होता, हीच तर पंचाईत. ओळख वगैरे विचारायच्या भानगडीत न पडता त्याने दादाला सांगून टाकलं, "या खुर्च्या बाईंच्या हातच्या बरं का. शहरात यांच्या तोडीचं कुणी नाही. पैज लावतो, कुणी तासाच्या वर टिकत नाही."

दादा अर्धवट उठलेला तसाच थांबला. खुर्चीच्या कडेवरून त्याने हात फिरवला, फुल्या चाचपल्या. लहानपणी तोही त्या दुकानात वाढला होता. खालची फळी त्याला बोटांनी कळली. त्याचा चेहरा लाल झाला. "बाबांचं दुकान तू यासाठी ठेवलंस? विकू दिलं नाहीस, ते यासाठी?"

 तो जे बोलला ते खरं होतं, आणि बोलायचा अधिकार त्याला काडीचा नव्हता, या दोन्ही गोष्टी एकदमच बाईंच्या मनात उसळल्या. हा आला होता शब्द मागे घ्यायला, आणि निघाला होता त्याच्यावर दुसरा ठेवून. बाईंना वाटलं, आता हा गेला की गेला.

त्या उठल्या. वेटरने गोळा केलेल्या, पदार्थांच्या यादीच्या लाकडी फळ्या त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतल्या. "जरा बाजूला हो," असं दादाला म्हणून त्याची खुर्ची कलती केली, पुढच्या एका पायाखाली एक फळी, दुसऱ्याखाली दुसरी. खुर्ची सरळ झाली. शालीची घडी करून बैठकीवर घातली, राहिलेलं टोक पाठीच्या टोचऱ्या जागी खोचलं आणि हाताने दाबून पाहिलं. मालक हे काय, हे काय, करत होता. बाहेर रांग आहे, म्हणाला. पुढच्या शाखेच्या ऑर्डरचं त्याने हळूच काढलं. बाईंनी त्याला सांगितलं, ऑर्डरचं उद्या दुकानात येऊन बोल, आत्ता माझं घरचं काम चाललंय. त्यांचा आवाज असा होता की मालक दोन पावलं मागे सरला.

"बस," त्या दादाला म्हणाल्या. दादा बसला. घसरला नाही, टोचलं नाही. तो जरा गोंधळला आणि मग त्याचे खांदे खाली आले.

"हे मी पोटासाठी केलं आणि त्याची लाज मला आहे," बाई म्हणाल्या. "तुझ्याकडून ऐकायची गरज नाही. तू काय सांगायला आला होतास ते सांग."

 दादाने टेबलाकडे बघत सांगितलं, इतक्या हळू की बाईंना पुढे वाकावं लागलं. तू बोलावत होतीस, मी आलो नाही. येईन येईन म्हणत राहिलो. आलो तेव्हा घर भरलेलं होतं, आणि कुणीतरी विचारणार होतं की मुलगा कुठे होता. कुणी विचारायच्या आधी मी तुझ्यावर ढकललं. तुझा दोष नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

बाईंना वाटलं होतं, हे ऐकलं की आपण रडू. रडू आलं नाही. वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहिली ते हाती आलं आणि त्यांना आला तो संतापच. तेव्हाही माहीत होतं म्हणे.

"म्हणालास ते भरल्या घरात," त्या म्हणाल्या. "आणि मागे घेतोस कुठे, तर इथे, जिथे शेजारच्या टेबलालाही ऐकू जात नाही. तेव्हा तर तुझा आवाज चांगला खणखणीत होता."

भाचा बिल देऊन परत आला होता आणि दोघांचे चेहरे पाहून उभाच राहिला. दादाने त्याच्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. गाण्यांच्या वर आवाज चढवून त्याने मुलाला सांगितलं, तुझे आजोबा आत्यामुळे गेले असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही सांगितलं, ते खोटं होतं. आत्या एकटी त्यांना सांभाळत होती आणि मी आलो नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोघीजणी घास हातात धरून बघायला लागल्या. वेटर पाण्याचा जग घेऊन होता तिथेच उभा राहिला. भाच्याने फोन हळूच खिशात घातला.

दादाने कपाळ पुसलं. मोठं ओझं उतरल्यासारखा तो मोकळा दिसत होता, आणि तो मोकळेपणा बाईंच्या डोळ्यांत सलला. दारातल्या सोफ्यावरची माणसं माना उंचावून टेबल रिकामं होतंय का ते पाहत होती. दादाने खुर्चीच्या कडेला हात टेकले. "झालं ना, चिमे? निघू या आता?"

"तुझं झालं," बाई म्हणाल्या. "माझं अजून सुरूही झालेलं नाही. बस."